पोटाला शिवलेली दोन बोटं

संयोगिता मगदूमच्या हातांचं कौतुक ती सहावीत होती तेव्हापासून चाललेलं आहे. जयसिंगपूरला तिची आई साड्यांना फॉल-पिको करून द्यायची आणि लग्नसराईत काम अंगावर आलं की फॉलची एक बाजू हातशिलाईला पोरीकडं टाकायची. पोरीचा टाका इतका बारीक, की बायका साडी उलटीसुलटी करून बघायच्या आणि म्हणायच्या, "मगदूमवैनी, पोरीला डॉक्टर करा की." बारीक टाका आणि डॉक्टरकी यांचा संबंध त्या बायकांनी कुठून लावला देव जाणे, पण लावला तो खरा निघाला. फक्त त्याला किती वर्षं लागतात हे त्यांच्यातल्या एकीलाही ठाऊक नव्हतं.

साडेपाच वर्षं एमबीबीएस. एक वर्ष सरकारी दवाखान्यात, बंधपत्राचं. मग प्रवेशपरीक्षा, मग तीन वर्षं साधी सर्जरी, मग पुन्हा प्रवेशपरीक्षा, आणि मग कुठं प्लॅस्टिक सर्जरीची तीन वर्षं. बरोबरीच्या मैत्रिणींची पोरं शाळेत जायला लागली आणि ही आपली अजून शिकतेच आहे. कुणाच्या बारशाला गेलं की मावशी हळूच जवळ सरकून विचारायची, "माझं नाक जरा बसकं हाय, बघतीस का गं?" संयोगिता हसायची. सुरुवातीला ती समजावून सांगायची, की मावशी, आमच्याकडं नाकवाले वर्षातून चार येतात. बाकी सगळे चरकात हात गेलेले, स्टोव्हनं मान भाजलेले, फाटक्या ओठानं जन्मलेली बाळं घेऊन आलेले. पुढं पुढं तिनं तो नाद सोडला.

ती शिकली मात्र जीव तोडून. केसाहून बारीक दोऱ्यानं शिवायची सवय व्हावी म्हणून आधी रबरी हातमोजे फाडून शिवले, मग केळ्याच्या साली, मग खाटकाकडून आणलेल्या कोंबडीच्या तंगडीतली शीर. होस्टेलवरच्या बाईला वाटायचं, ही पोरगी रोज चिकन खाते आणि अंगाला काही लागत नाही. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी विभागप्रमुख इंगवले सर, जे कुणाचं कौतुक केलं तर आपला मान कमी होईल अशा हिशेबानं बोलायचे, ते तिचे टाके बघून "हं" म्हणाले. त्या "हं"वर ती आठ दिवस तरंगत होती.

या शिक्षणात एक वही असते. लॉगबुक. त्यात प्रत्येक शस्त्रक्रियेपुढं तीन रकाने: पाहिली, मदत केली, स्वतः केली. पहिल्या वर्षी पहिला रकाना भरतो, दुसऱ्या वर्षी दुसरा, आणि तिसऱ्या वर्षी सगळ्यांचा जीव तिसऱ्या रकान्यात अडकलेला असतो. संयोगिताचा जरा जास्तच अडकला होता. तिला पुढं हाताच्याच शस्त्रक्रिया करायच्या होत्या आणि त्यासाठी तमिळनाडूतल्या एका केंद्रात वर्षभर शिकायला जायचं होतं. त्यांच्या अर्जात एक ओळ होती: बोटांवरचे फ्लॅप, स्वतः केलेले, फोटोंसह, किमान दहा. फ्लॅप म्हणजे अंगावरच्या एका जागची जिवंत कातडी, तिचा रक्ताचा धागा न तोडता, दुसऱ्या जागी नेऊन बसवायची. संयोगिताचे नऊ झाले होते. अर्जाची मुदत फेब्रुवारीअखेर होती, आणि जानेवारीत पिराजी चौगुले आले.

पिराजीकाका कळंब्याच्या पुढं एका गुऱ्हाळावर गुळव्या होते. गुऱ्हाळावर माणसं पंधरा-वीस असतात, पण गुळव्या एकच. काहिलीत, त्या भल्यामोठ्या कढईत, रस उकळून उकळून पाक होतो, आणि तो काहील उतरवण्याजोगा कधी झाला हे गुळव्या सांगतो. चार क्षण आधी उतरवला तर गुळाची ढेप बसत नाही, चार क्षण उशीर झाला तर गूळ करपतो. त्यासाठी पिराजीकाका उजव्या हाताची दोन बोटं आधी गार पाण्यात बुडवायचे, ओल्या बोटांनी उकळत्या पाकातला थेंब उचलायचे, परत पाण्यात घालायचे आणि अंगठ्यावर चोळून बघायचे. बोटाला जे कळायचं ते ते सांगायचे. तीस वर्षं एकही काहील वाया गेली नव्हती. त्या दिवशी काहील उतरवताना कुणाचा तरी पाय घसरला, काहील हिसकली, आणि तीच दोन बोटं पेरापर्यंत पाकात गेली. पाणी भाजतं आणि ओघळून जातं. पाक चिकटून बसतो.

इंगवले सरांनी पहिल्याच दिवशी बोटं बघितली. "हाड उघडं नाही. ड्रेसिंग करत राहा. बोटाचं टोक आपलं आपण भरून येतं, दीड-दोन महिने लागतील. घाई नको. स्वतःची कातडी येईल ती स्पर्शासकट येईल." एवढं बोलून ते मुलीच्या लग्नासाठी दहा दिवसांच्या रजेवर गेले.

चौथ्या दिवशी सकाळी ड्रेसिंगच्या खोलीत गुंडूमामांनी पट्टी सोडली. गुंडूमामा त्या खोलीत अठ्ठावीस वर्षं ड्रेसर. नवीन आलेल्या प्रत्येक डॉक्टरला पट्टी कशी भिजवायची, कशी सोडायची, हे पुस्तकानं नाही, त्यांनी शिकवलं. संयोगितावर त्यांचा विशेष लोभ. ती बोटांच्या पट्ट्या अरुंद वापरायची, म्हणून ते तिच्यासाठी वेगळ्या कापून एका डब्यात ठेवायचे. त्या दिवशी पट्टी निघाली आणि दोन्ही बोटांच्या टोकांशी संयोगिताला काहीतरी पांढरं दिसलं.

"हाड दिसतंय का हो, मामा?"

गुंडूमामांनी वाकून बघितलं. "हाड न्हाय म्याडम. चरबी हाय ती. पुसलं की जाईल."

पुसलं. बरंचसं गेलं, थोडं राहिलं. पांढरं दिसायला हवं असलं की पांढरं दिसतं. तिनं मोबाईल काढून फोटो घेतला, आणि घेताना बोटं जरा कलती धरली, जिथून ते पांढरं जास्त चमकत होतं. असं आपण का केलं हे तिनं तेव्हा स्वतःला विचारलं नाही. मग तिनं रजेवर नसलेल्या सहाय्यक सरांना फोन केला: हाड उघडं पडलंय, फ्लॅप करावा लागेल. त्यांनी फोनवरच, दुसऱ्या पेशंटच्या गडबडीत, कर म्हणून सांगितलं.

पिराजीकाकांना तिनं नीट समजावलं. पोटाची कातडी अर्धवट उचलायची, दोन्ही बोटं तिला शिवायची, तीन आठवडे हात पोटाला बांधून ठेवायचा, मग कापून सुटी करायची. बोटांना नवी, गुबगुबीत टोकं मिळतील. काकांनी सगळं ऐकून घेतलं. शेजारी त्यांची बायको बयाबाई पदराचं टोक चावत उभी होती.

"आणि न्हाय केलं तर?"

"तर दोन महिने नुसतं ड्रेसिंग. खात्री नाही." खात्री नाही हे खोटं नव्हतं. कशाचीच खात्री नसते.

"एकच इचारतो, ताई. बोटाला कळंल न्हवं?"

हा प्रश्न तिला आजही आहे तसा ऐकू येतो. काका तो विचारताना अंगठा हवेतच चोळत होते. पोटाच्या कातडीला बोटाचा स्पर्श येत नाही, हे तिला ठाऊक होतं. पहिल्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असतं. आला तर जाडाभरडा येतो, थंड-गरम जेमतेम.

"कळेल की," ती म्हणाली. "हळूहळू कळेल."

काकांनी सही केली. डाव्या हातानं, वाकडी.

शस्त्रक्रिया देखणी झाली. तीन तास, एकही टाका पुन्हा घालावा लागला नाही. तीन आठवडे काका पोटाला दोन बोटं शिवून वॉर्डात हिंडायचे आणि बयाबाई त्यांना घास भरवायची. शेजारच्या खाटेवरच्याला काका सांगायचे, "बोटं जेवायला बसल्यात. उठली की जायचं घरला." सगळा वॉर्ड हसायचा. संयोगिताही हसली. लॉगबुकात दहावी ओळ भरली आणि अर्ज गेला.

रजेवरून आल्यावर इंगवले सरांनी कागद चाळले, फोटो बघितला.

"हाड उघडं पडलं होतं?"

"हो सर."

"मग ठीक आहे." आणि ते पुढच्या खाटेकडं गेले. त्यांचा तिच्यावर विश्वास होता. तोच मेला नडला.

गुंडूमामा तिथंच ट्रे धरून उभे होते. ते काही बोलले नाहीत. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. फक्त तिच्यासाठी अरुंद पट्ट्या कापून ठेवायचं त्यांनी बंद केलं. डबा रिकामा दिसला की संयोगिता स्वतः कात्री घेऊन कापत बसायची, आणि ते पलीकडं दुसऱ्याच कुणाचं तरी ड्रेसिंग करत असायचे. त्याच महिन्यात एक आचारी आला होता, तेलानं बोटाचं टोक गेलेला. गुंडूमामांनी ते नुसत्या पट्ट्यांवर सात आठवड्यांत भरून आणलं. आचारी जाताना पाच रुपयांचं नाणं बोटाखाली फिरवून, न बघता छापा की काटा ते सांगून गेला. संयोगिता दारात उभी राहून बघत होती. तिला वाटलं, हा प्रकार मामांनी मुद्दाम माझ्यासमोर घडवला. तसं काही नव्हतं, पण अपराधी माणसाला सगळं जग आपल्याकडेच बोट दाखवतंय असं वाटतं.

पिराजीकाका दर महिन्याला दाखवायला यायचे. संयोगिता पेपरक्लिप उलगडून तिची दोन टोकं जवळजवळ करायची आणि बोटाला टेकवायची. डोळे मिटलेल्या माणसानं एक टोक लागलं की दोन, ते सांगायचं. स्पर्श किती परत आला ते त्यावरून मोजतात. पहिल्या खेपेला काका म्हणाले, "न्हाय कळत." दुसऱ्या खेपेला तेच. तिसऱ्या खेपेपासून मात्र सांगायला लागले: एक. दोन. दोन. एक. बरोबर! संयोगिताला आनंदानं रडू यायचं बाकी राहिलं. म्हणजे कातडीत नस शिरतेय, म्हणजे झालं ते काही इतकं वाईट झालं नाही. तिनं मिलिमीटरात आकडे लिहून घेतले. तेच आकडे ऑक्टोबरात पुण्याच्या परिषदेत तिच्या पोस्टरवर झळकले, आधीच्या-नंतरच्या फोटोंसकट, आणि पोस्टरला दुसरं बक्षीस मिळालं. तमिळनाडूहून होकार आला. जयसिंगपूरच्या गल्लीत आईनं पेढे वाटले.

डिसेंबरात शेवटची परीक्षा. या परीक्षेत पेशंट लागतात: खरेखुरे, बोलणारे. परीक्षक त्यांना तपासतात आणि उमेदवाराला पिळतात. पेशंट गोळा करायचे उमेदवारांनीच. फोन लावायचे, घरी जायचं, गाडीभाड्याचं बघायचं, आणि "परीक्षेला या हो" म्हणून हातापाया पडायचं. इंगवले सर म्हणाले, तुझ्या गुळव्याला बोलाव, चांगली केस आहे. काकांचा फोन लागेना, म्हणून नोव्हेंबरअखेर एका दुपारी संयोगिता स्कूटर काढून कळंब्याच्या पुढं गुऱ्हाळावर गेली.

काहिलीपाशी एक अनोळखी माणूस उभा होता. तोच पाण्यात बोटं बुडवून पाक बघत होता. पिराजीकाका तिला आधी दिसलेच नाहीत. ते खाली चुलवाणाच्या तोंडाशी बसून जाळात उसाची चिपाडं कोंबत होते. धुरानं तोंड काळं, डोक्याला टॉवेल. तिला बघून ते लगबगीनं वर आले.

"आलासा व्हय ताई? आज जरा जाळावर बसलोय. गडी आला न्हाय म्हणून."

ते तिच्यासाठी रस आणायला गेले. बयाबाई जवळच चिपाडं वाळत घालत होती. काका लांब गेल्याचं बघून ती हळू आवाजात म्हणाली, "आजच न्हवं ओ. सीझन सुरू झाल्यापासनं तितंच हाईत. दोन काहिली खराब केल्या त्येनी. एक बसलीच न्हाय, एक करपली. मालक चांगला हाय, बोलला न्हाय काय. पर जाळावर बसवलं. गुळव्या दुसरा आणला."

"पण काका तर म्हणतात, बोटाला कळतं."

"कुटलं कळतंय? परवा भाकरी उलथताना बोट तव्यावर टेकलं. जळल्याचा वास आला तवा मी वरडले. त्यास्नी पत्त्याच न्हाय." बयाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "मी सांगितलं म्हणू नगासा. आता नशिबात भाजायचं हुतं त्येला कोन काय करणार? तुमी हुतासा म्हणून बोटं तरी जाग्यावर ऱ्हायली. लई उपकार झाले तुमचं."

काका रसाचा ग्लास घेऊन आले. ग्लास त्यांनी तळहातानं आणि करंगळीनं धरला होता. ती दोन बोटं बाजूला उभी, पाहुण्यासारखी. संयोगितानं रस घेतला. एक घोट घेऊन तिनं ग्लास खाली ठेवला.

"काका, गुळव्या व्हायला किती वर्षं लागली तुम्हाला?"

"मला? बारा. आट वर्सं तर नुसता जुन्या गुळव्याच्या, आबांच्या मागं हुबा ऱ्हायलो. बघायचं. मंग हाताखाली घेतलं. मंग एक दिवस म्हणाले, आज तू बघ." काका हसले. "का ओ?"

बघायचं. हाताखाली. मग स्वतः. तिच्या वहीत हेच तीन रकाने होते. आपल्या तेरा वर्षांतली एक ओळ भरायला आपण या माणसाची बारा वर्षं पुसली, हे तिला त्या चुलवाणाच्या धुरात उभं राहून पहिल्यांदा पुरतं समजलं. आधी ते टोचत होतं, आता बसलं. सांगून टाकावं असं तिच्या ओठांवर आलं. पण काका विचारत होते, परीक्षा कधी, किती वाजता येऊ, धोतर नेसून येऊ का पायजमा चालंल. ती तारीख सांगून परत आली. भेकडपणाला त्या दिवशी दुसरं नाव नव्हतं.

परीक्षेच्या सकाळी काका न्हाऊन, पांढरी टोपी घालून हजर. धोतरच नेसले होते. बयाबाई बाहेर बाकावर. बाहेरगावचे परीक्षक वयस्कर होते, चष्म्यावरून बघणारे. संयोगितानं केस मांडली. हाड उघडं पडल्यामुळं फ्लॅप केला, हे वाक्य तिनं घोकल्यासारखं म्हटलं. गुंडूमामा ट्रे घेऊन खोलीच्या कोपऱ्यात, इंगवले सर खिडकीशी.

परीक्षकांनी काकांची बोटं उलटसुलट केली. "सुंदर," ते म्हणाले. मग मराठीत काकांना, "काम करता का पूर्वीसारखं?"

"करतोय की साहेब. सगळा गूळ मीच काडतो." काकांनी छाती काढली. "ताईंनी बोटं अगदी देवानं दिल्यागत दिल्यात."

"डोळे मिटा बघू."

परीक्षकांनी पेपरक्लिप घेतली. दोन, म्हणाले काका. एक. एक. दोन. परीक्षकांच्या भुवया वर गेल्या. "पोटाच्या कातडीला इतका स्पर्श मी बघितला नाही. डॉक्टर, हे कसं काय झालं म्हणता?"

संयोगिता काकांच्या तोंडाकडं बघत होती. काकांच्या पापण्या मिटल्या होत्या, पण पुरत्या नाही. खालून एक बारीकशी फट होती आणि तिच्यातून ते इमानेइतबारे क्लिपकडं बघत होते. म्हणजे तिसऱ्या खेपेपासून हेच. म्हणजे पोस्टरवरचे सगळे आकडे या फटीतून आलेले. ती पास होणार होती, आणि तिला पास करायला हा माणूस टोपी घालून खोटं बोलायला आला होता.

उत्तर इंग्रजीत देता आलं असतं. परीक्षा इंग्रजीतच चाललेली होती. इंग्रजीत कबूल केलं असतं तर परीक्षकांना कळलं असतं आणि काकांना कळलं नसतं, आणि कबुलीचं पुण्यही पदरात पडलं असतं. पण तिच्या तोंडून मराठीच आलं.

"सर, ते बघून सांगतायत. त्यांना काही कळत नाही. ते गुळव्याचं काम करत नाहीत, जाळावर बसतात. आणि हाड उघडं नव्हतं. मी तसं लिहिलं. ड्रेसिंगवर बोटं भरली असती."

इंगवले सर खिडकीबाहेर बघत होते आणि बघतच राहिले. कोपऱ्यात गुंडूमामांच्या हातातला ट्रे तेवढा वाजला.

निकाल आधीच सांगून टाकायला हरकत नाही: नापास. तमिळनाडूला तिनं स्वतः पत्र लिहून अर्ज मागं घेतला, बक्षीस परत केलं. इंगवले सरांनी सहा महिने तिला शस्त्रक्रियेच्या खोलीत पाऊल टाकू दिलं नाही. रोज सकाळी ड्रेसिंग, गुंडूमामांच्या हाताखाली. पुढल्या खेपेला ती पास झाली, आणि आज जिल्ह्यातले हात कापलेले लोक तिच्याकडंच येतात. आई अजून म्हणते, एवढं खरं बोलायची गरज नव्हती. हे सगळं खरं, पण यानं तिला शिक्षा झाली असं तिला कधीच वाटलं नाही. शिक्षा झाली असेल तर ती त्या दिवशी बाहेरच्या बाकावर.

ती बाहेर आली तेव्हा पिराजीकाका बयाबाईशेजारी बसले होते. तिला बघून ते तटकन उठले.

"ओ ताई, याड लागलं काय तुमास्नी? मी एवडं बेतानं सांगत हुतो, आनि तुमीच..."

"काका, बसा."

"बसा काय बसा! मी 'न्हाय कळत' म्हणलं की तुमचं तोंड एवडंसं व्हायचं. म्हणलं, पोरगी एवडी राबती, आपल्यापायी का हिरमुसावी? म्हणून बघून सांगत आलो. आनि आज..." ते मध्येच थांबले. आत ऐकलेलं वाक्य त्यांना आता कुठं पोचलं असावं. "हाड उगडं न्हवतं म्हंजे काय ओ?"

तिनं सांगितलं. सरांनी काय सांगितलं होतं ते, पांढरं काय दिसलं ते, फोटो कसा काढला ते, दहावी ओळ कशी हवी होती ते. एकेक. खाली बघून नाही, त्यांच्याकडं बघून. तेवढं तरी तिनं केलं. बयाबाई तोंडावर हात ठेवून ऐकत होती.

"म्हंजे तसंच ठेवलं असतं तर?"

"दोन महिन्यांत भरून आली असती. तुमचीच कातडी."

"आनि कळलं असतं?"

"कळलं असतं."

काका खाली बसले. आपल्या बोटांकडं बघत ते अंगठा त्या दोन टोकांवर चोळत राहिले.

"मी इचारलंतं तुमास्नी," ते शेवटी म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "एकच इचारलंतं."

"हो."

"तुमी व्हय म्हणलासा."

"हो, काका."

"माफ करा" हे शब्द तिच्या तोंडात तयार होते, पण ते म्हणजे पुन्हा त्यांच्याकडूनच काहीतरी मागणं झालं असतं. आजवर त्यांनी काय कमी दिलं होतं? बयाबाईनं पिशवी उचलली आणि म्हणाली, "चला." काका उठले नाहीत. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि उजवा हात तिच्यापुढं केला.

"ती तार हाय न्हवं तुमच्याकडं? काडा. आता खरं सांगतो. नीट लिवून घ्या."

तिनं ॲप्रनच्या खिशातून क्लिप काढली. ज्या हातांचं एवढं कौतुक झालं, त्याच हातांनी तिची टोकं जवळ आणली. काकांनी डोळे मिटले. या खेपेला गच्च मिटले, कपाळाला आठ्या पडेपर्यंत, आणि तोंडही वर, आभाळाकडं केलं. रस्त्यावरून एक रिक्षा गेली. बयाबाई पिशवी धरून उभी होती.

काका वाट बघत होते.

"टेकवा की, ताई," ते म्हणाले.

क्लिपची दोन्ही टोकं त्यांच्या बोटात रुतून केव्हाची उभी होती.